दृश्यामागचा सूर : संगीतकार कै. वसंत देसाई

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे अल्पचरित्र द्यावे, असा प्रघात आहे. यंदा ते काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविले, तेव्हा कोणाचे चरित्र लिहावे याचा आम्ही बराच विचार केला. देशभक्त, समाजसुधारक, दानशूर गृहस्थ यांचे कार्य सर्वांच्या डोळ्यांपुढे असते व त्यांची चरित्रेही पुष्कळ लिहिली गेली आहेत. परंतु ज्याचे कार्य डोळ्यांना दिसत नाही, जे केवळ कानांवाटे आत शिरते आणि आपल्या नकळत आपल्याला हसविते वा रडविते, अशा कलावंताचे ऋण आपण क्वचितच मानतो. म्हणून आम्ही संगीतकार कै. वसंत देसाई यांची निवड केली. थोर कलावंत कोणा एका ज्ञातीचा नसतो, तो सर्वांचाच असतो. तथापि आपल्यापैकी बहुसंख्य कुटुंबे गिरगाव, दादर, परळ, लालबाग ह्याच भागांत वाढली आणि वसंतरावांच्या आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे याच परळमध्ये गेली. त्या नात्याने ते आपले शेजारीच होत.

वसंतरावांचा जन्म ९ जून १९१२ रोजी तत्कालीन सावंतवाडी संस्थानातील, कुडाळजवळच्या सोनवडे या गावी झाला. कोकणातील त्या मुलखात देवळाच्या सभामंडपातील भजन, हरिदासांचे कीर्तन आणि दशावतारी खेळ ही लोकांची नित्याची करमणूक होती व शिक्षणही होते. दशावतारात राक्षस रंगमंचावर येण्यापूर्वीच मृदंगाची थाप बदलते आणि पोरेटोरे आईच्या पदराआड दडतात. राक्षस अजून दिसलेला नसतो, भीती मात्र आधीच येऊन पोचलेली असते. चित्रपटातील पार्श्वसंगीत ज्याला म्हणतात, त्याचे मूळ बीज हेच होय. पुढे जी विद्या वसंतरावांनी मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात वापरली, तिचा पहिला धडा कोकणातील देवळांच्या अंगणातच गिरविला जातो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तरुणपणीच ते कोल्हापुरास प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाले. ही कंपनी १९२९ साली व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी स्थापन केली होती. तेव्हा चित्रपट मुके होते. वसंतरावांनी १९३० सालच्या ‘खूनी खंजर’ या मूकपटात लहानसे कामही केले. मूकपट म्हणजे अगदी नि:शब्द करमणूक, असा आजच्या मुलांचा समज असतो. पण वस्तुस्थिती तशी नव्हती. चित्रगृहात पडद्यापुढे पेटीवाला आणि तबलजी बसलेले असत, आणि घोडदौड आली की द्रुत लय, मृत्यू आला की करुण सूर, असे ते वाजवीत. चित्रास बोल नव्हते तरी सूर होताच, कारण सुराशिवाय हलते चित्र माणसाच्या काळजाला भिडत नाही, हे पहिल्यापासूनच सर्वांना उमगले होते.

पुढे बोलपट आला. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट १९३२ साली गिरगावातील मॅजेस्टिक चित्रगृहात झळकला. त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते व राजा हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांनीच केली होती. वसंतराव त्या चित्रपटात गायले. १९३३ साली प्रभात पुण्यास गेली, तेव्हा तेही पुण्यास गेले. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव अशा तिघा थोर संगीतकारांच्या हाताखाली काम करण्याचे भाग्य त्यांस लाभले. पडेल ते काम करावे, प्रसंगी भूमिका करावी, गावे, वाद्यवृंदात बसावे आणि डोळे व कान उघडे ठेवावेत, अशी ती उमेदवारी होती. आजकाल ज्याला शिक्षणक्रम म्हणतात तसा तेथे काही नव्हता; परंतु आम्ही जन्मभर शिक्षकी केली असल्याने एवढे निश्चित सांगू शकतो की, अशा उमेदवारीची सर कोणत्याही शिक्षणक्रमास येणार नाही.

ह्याच काळात, १९३७ साली, प्रभातने ‘कुंकू’ हा चित्रपट काढला. एका तरुण मुलीचे वृद्ध विधुराशी फसवून लग्न लावले जाते आणि ती त्या अन्यायास शरण जात नाही, असे त्याचे कथानक आहे. ह्या चित्रपटात व्ही. शांताराम आणि केशवराव भोळे यांनी पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्यच केले. घरातील, रस्त्यावरील जे आवाज असतील तेवढेच ठेवले. वृद्ध काकासाहेबांच्या भिंतीवरचे ते जुने घड्याळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांस ते विसरणे शक्य नाही. संगीत काढून घेतल्यावर प्रेक्षकास कोणी हाताला धरून रडावयास नेत नाही; नीरेची बाजू बरोबर की चूक, हे त्याचे त्यानेच ठरवावयाचे असते. वसंतराव तेव्हा प्रभातच्या त्याच परिवारात होते. सूर कोठे घालावा यापेक्षा कोठे घालू नये हे कळणे अधिक अवघड, हा धडा त्यांच्या डोळ्यांदेखत गिरविला जात होता, आणि पुढील आयुष्यात तो ते विसरले नाहीत.

१९४२ साली शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि परळ येथे, पूर्वी जेथे वाडिया मूव्हीटोन होती त्या जागी, त्यांनी राजकमल कलामंदिर उभारले. वसंतराव त्यांच्याबरोबर मुंबईस आले. राजकमलचा पहिला चित्रपट ‘शकुंतला’ १९४३ साली प्रकाशित झाला आणि मुंबईच्या स्वस्तिक चित्रगृहात १०४ आठवडे चालला. वसंतरावांचे नाव सर्वत्र झाले. त्यानंतर १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’, १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’, १९५१ साली ‘अमर भूपाळी’, १९५५ साली ‘झनक झनक पायल बाजे’ आणि १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ असे एकाहून एक सरस चित्रपट त्यांच्या संगीताने नटले. ‘अमर भूपाळी’स १९५२ साली फ्रान्समधील कान येथील महोत्सवात ध्वनिमुद्रणाच्या तांत्रिक गुणवत्तेचे पारितोषिक मिळाले. भोवताली गिरण्यांचे भोंगे वाजत असताना परळच्या एका वास्तूत मुद्रित झालेला मराठी सूर साता समुद्रांपलीकडे वाखाणला गेला, ही गिरणगावास भूषणावह गोष्ट होय.

येथे थोडे थांबून, संगीतकार चित्रपटासाठी नेमके करतो काय, हे सांगितले पाहिजे. कारण संगीतकार म्हणजे गाण्यांना चाली लावणारा, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. गाणी तर आधीच मुद्रित होतात. चित्रीकरण व जुळवणी पुरी झाली की दुसरे काम सुरू होते. चित्रपटाचा एकेक भाग पडद्यावर पुन:पुन्हा दाखविला जातो, समोर वाद्यवृंद बसलेला असतो आणि संगीतकार क्षण मोजून ठरवितो की अमुक पावलाला सतार सुरू व्हावी, अमुक नजरेला ती थांबावी. संवाद, इतर आवाज आणि संगीत ह्या तिन्हींचे मग मिश्रण होते. संगीत एक मात्रा पुढे गेले तर प्रसंग उघडा पडतो, एक मात्रा मागे राहिले तर प्रसंग लंगडतो. इतके करूनही प्रेक्षक घरी जाताना म्हणतो की, नटीने काय सुंदर काम केले! संगीतकाराचे यश असे की, त्याचे काम ध्यानातच येऊ नये.

हा केवळ आमचा तर्क नव्हे. लालबाग-परळ भागातील एका शाळेत आम्ही शिकवीत असता एकदा मुलांना ‘श्यामची आई’ चित्रपटातील एक प्रसंग प्रथम आवाज बंद करून दाखविला व काय चालले आहे ते लिहावयास सांगितले. मग तोच प्रसंग आवाजासह दाखविला. मुलांनी आपली पहिली उत्तरे स्वत:च खोडली. पहिल्या वेळी ज्यांना आई रागावलेली दिसली होती, त्यांना दुसऱ्या वेळी ती दु:खी दिसली. संवादांचा वाटा त्यात होताच, हे उघड आहे. परंतु जेथे कोणी बोलत नव्हते त्या जागीही त्यांचे मत बदलले होते. चेहरा तोच होता, डोळेही तेच होते, बदलले होते ते कानांवर पडणारे. पुढे आमच्या वाचनात आले की, मार्शल व कोहेन या दोन संशोधकांनी १९८८ साली असाच प्रयोग शास्त्रशुद्ध रीतीने करून पाहिला होता. त्यांनी माणसेही घेतली नाहीत. दोन त्रिकोण व एक वर्तुळ इकडेतिकडे फिरत आहेत, एवढेच हलते चित्र निरनिराळ्या संगीतासह दाखविले. संगीत बदलताच त्या निर्जीव आकृतींच्या स्वभावाविषयी पाहणाऱ्यांचे मत बदलले. त्रिकोणालाही जर संगीत स्वभाव देते, तर माणसाच्या मुद्रेची काय कथा!

असे का व्हावे? आमच्या अल्पमतीप्रमाणे ह्याची चार कारणे आहेत. पहिले कारण लय. लय वाढली की आपला श्वासही तिच्यामागे धावू लागतो आणि मनास वाटते की काही संकट येत आहे. दुसरे कारण वाद्याचा स्वभाव. सारंगीचा आवाज माणसाच्या कंठाच्या जवळचा; ती वाजली की कोणीतरी आतल्या आत रडते आहे, असा भास होतो. तिसरे कारण स्मृती. एखादा सूर सुखाच्या प्रसंगी ऐकविला आणि तोच पुढे दु:खाच्या प्रसंगी आणला, तर गेलेले सुख त्या सुराबरोबर परत येते व दु:ख दुणावते. चौथे कारण मौन. सूर एकाएकी थांबला की, काय झाले म्हणून मन दचकून उभे राहते. ही चारही साधने वसंतरावांच्या हाती होती, आणि त्यांचा संच परदेशी नव्हता. त्यांची बैठक रागदारी संगीतावर आणि आपल्या मातीतील लोकसंगीतावर होती.

उदाहरणे पाहू. ‘लोकशाहीर रामजोशी’त ढोलकी व तुणतुणे आले, कारण ती कथाच तमाशाच्या फडातील. ‘अमर भूपाळी’त शाहीर होनाजी बाळाचे चरित्र असल्याने पहाटेचा तो प्रसन्न सूर आला, आणि आज ज्यांनी तो चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्याही घरी ती भूपाळी लागली की सकाळ झाल्यासारखी वाटते. ‘झनक झनक पायल बाजे’त उस्ताद अमीर खाँ यांचा धीरगंभीर स्वर आणि त्याच चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात तरुण शिवकुमार शर्मा यांचे संतूर, असा योग त्यांनी जुळवून आणला. संतूर तेव्हा चित्रपटास नवीनच होते. १९५९ सालच्या ‘गूँज उठी शहनाई’ची कथा एका शहनाईवादकाची. त्यात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची शहनाई आहे. शहनाई हे आपल्याकडे लग्नाचे वाद्य. मांडवात ती आनंदाने वाजते आणि वरात निघताना तीच वधूच्या आईच्या डोळ्यांत पाणी आणते. वाद्य एक, भाव दोन. प्रेमाची ताटातूट सांगावयास याहून योग्य वाद्य कोणते?

ह्याच सुमारास, १९५५ साली, बंगालमध्ये सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ निघाला. त्यात बाप परगावाहून मुलीसाठी लुगडे घेऊन येतो. मुलगी वारलेली असते. आई टाहो फोडते, पण तिचा आवाज आपल्याला ऐकू येतच नाही; त्याच्या जागी पंडित रविशंकर यांनी योजलेली तारशहनाई वाजते. आईचे रडे जितके पिळवटून टाकते, त्याहून अधिक ते वाद्य पिळवटते. हिंदुस्थानातील चांगले कलावंत त्या काळी एकाच वाटेने चालले होते, हे यावरून दिसेल.

तथापि वसंतरावांचे आमच्या दृष्टीने सर्वांत मोठे काम ‘श्यामची आई’ आणि ‘दो आँखें बारह हाथ’ हे दोन चित्रपट होत. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी साने गुरुजींच्या पुस्तकावरून ‘श्यामची आई’ काढला आणि त्यास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. त्यातील द्रौपदीने कृष्णाच्या बोटाला बांधण्यासाठी भरजरी वस्त्र फाडल्याचे गाणे आशा भोसले यांनी गायिले आहे. गाण्याची चाल ओवीसारखी साधी. जात्यावरची बाई सहज गाईल इतकी साधी. येथे मोठा वाद्यवृंद लावून प्रेक्षकास धाय मोकलून रडविणे अशक्य नव्हते. वसंतरावांनी ते केले नाही. गरिबाघरची आई जशी सांगेल तसेच त्यांनी तिला सांगू दिले. लालबागच्या भारतमाता चित्रगृहात मराठी चित्रपट पाहणाऱ्या गिरणी कामगारांच्या बायकांना अशी गाणी शिकवावी लागत नसत; ती आपलीच होती, असे त्यांना वाटे.

‘दो आँखें बारह हाथ’ची कथा औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून स्फुरलेली. सहा खुनी कैदी व त्यांस माणूस करू पाहणारा एक तुरुंगाधिकारी. चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ साली बर्लिन येथील महोत्सवातही त्याचा गौरव झाला. भरत व्यास यांनी लिहिलेली व लताबाईंनी गायिलेली त्यातील प्रार्थना ठाऊक नाही असा मनुष्य हिंदुस्थानात विरळा. ती पहिल्याने ऐकू येते तेव्हा केवळ एक प्रार्थना असते. कथा पुढे सरकते, त्या दांडग्या माणसांचे मन पालटताना आपण पाहतो, आणि मग तोच सूर परत येतो तेव्हा त्याचा अर्थ बदललेला असतो. शब्द तेच आणि चालही तीच असते. बदललेले असतो आपण. स्मृतीचे साधन म्हणून जे वर सांगितले, त्याचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.

ह्यानंतर राजकमलशी असलेला त्यांचा नित्याचा संबंध सैल झाला. १९५९ सालच्या ‘नवरंग’चे संगीत सी. रामचंद्र यांनी दिले. पुढे १९६६ साली ‘लडकी सह्याद्री की’ या चित्रपटासाठी शांताराम व वसंतराव पुन्हा एकत्र आले. मधल्या काळात वसंतराव स्वस्थ बसले नव्हते. ‘पंडितराज जगन्नाथ’ व ‘जय जय गौरीशंकर’ या नाटकांस त्यांनी संगीत देऊन मराठी रंगभूमीवरील गाण्यास नवी टवटवी आणली. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ साली ‘छोटा जवान’ आला आणि त्यातील गदिमांचे वीरगीत शाळाशाळांतून घुमू लागले. शाळांतील मुलांकडून समूहगीते म्हणवून घेण्याचे काम त्यांनी मोठ्या हौसेने केले. १९६६ सालच्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रसंघात श्रीमती एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी कांची कामकोटी पीठाच्या शंकराचार्यांची विश्वमैत्रीची संस्कृत रचना गायिली, तिची स्वररचनाही आमच्या ह्या सोनवडेकराचीच.

१९७१ सालच्या ‘गुड्डी’त त्यांनी वाणी जयराम या नव्या गायिकेस हिंदी चित्रपटात प्रथम संधी दिली. त्या चित्रपटात शाळेतील मुली जी प्रार्थना म्हणतात, तीही थोड्याच दिवसांत खऱ्या शाळांत जाऊन पोचली. आणि १९७३ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी गुलजार यांच्या ‘अचानक’ या चित्रपटास संगीत दिले. ह्या चित्रपटात एकही गाणे नाही. आयुष्यभर ज्याच्या चाली लोकांच्या ओठांवर राहिल्या, त्याने गाणे नसलेला चित्रपट स्वीकारावा, यात ‘कुंकू’च्या काळातील तो जुना धडा आम्हांस दिसतो. गाण्याने मिळणारी टाळी तेथे नव्हती, होते ते फक्त दृश्यामागे उभे राहण्याचे काम.

येथे एक प्रश्न विचारल्यावाचून आम्हांस राहवत नाही. सुरांनी जर माणसास हवे तसे रडविता येते, तर ही फसवणूक नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. आज घरोघरी मालिका चालतात. साधा दरवाजा उघडला तरी ढगांचा गडगडाट होतो, एकाच चेहऱ्यावर तीनदा झांजा वाजतात. जाहिरातींचेही तेच. मुले त्या आवाजावरून ठरवितात की कोण चांगला व कोण वाईट, आणि विचार करण्याची सवय मोडते. हा सुराचा दुरुपयोग होय. वसंतरावांचा मार्ग वेगळा होता. कथेत जे दु:ख खरोखरीच होते, तेवढेच त्यांचे संगीत उघड करून दाखवी. नसलेले दु:ख उसने आणीत नसे. शिक्षकाने धडा समजावून द्यावा, परंतु उत्तर मुलाच्या तोंडात घालू नये, तशातलाच हा संयम आहे. म्हणून त्यांची गाणी ऐकून आपण रडलो, याची पुढे लाज वाटत नाही.

२२ डिसेंबर १९७५ रोजी दिवसभराचे ध्वनिमुद्रण आटोपून ते घरी परतले आणि राहत्या इमारतीतील लिफ्टच्या अपघातात त्यांचा दुर्दैवी अंत झाला. वय अवघे त्रेसष्ट. त्यांचे संगीत असलेला ‘शक’ हा चित्रपट त्यांच्या पश्चात १९७६ साली प्रकाशित झाला. काम संपवून परतणाऱ्या माणसास मृत्यूने उंबरठ्यापाशी गाठावे, हा दैवदुर्विलास होय.

आज त्यांना जाऊन अर्धशतक होत आले. आमच्या नोकरीच्या काळात दररोज सकाळी शेकडो मुले रांगेत उभी राहून त्यांच्या चालीवर प्रार्थना म्हणत. परंतु ती चाल कोणाची, असे विचारले तर एकही हात वर होत नसे. त्यात मुलांचा दोष नाही, आपण त्यांस सांगितले नाही. आपल्या संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातही पुष्कळदा ह्याच प्रार्थनेने आरंभ होतो. तेव्हा आमची एवढीच सूचना आहे की, यापुढे ती सुरू होण्यापूर्वी संगीतकाराचे नाव मोठ्याने उच्चारावे. आणि घरी मुलांबरोबर जुना चित्रपट पाहताना आई-वडिलांनी एक प्रसंग डोळे मिटून ऐकावा व एक प्रसंग आवाज बंद करून पाहावा. मग आपले अश्रू कोठून आले, यावर मुलांशी दोन शब्द बोलावे. जो मुलगा आपल्या अश्रूंचे मूळ ओळखतो, त्याला पुढे कोणी सहजासहजी फसवू शकत नाही. आणि खरा सूर कोणता, हेही त्याला कळते. कै. वसंत देसाई यांचे याहून उचित स्मारक आम्हांस सुचत नाही.